बरं वाटण्याची गोळी आणि बरं राहण्याची

मे महिन्यातली दुपार. बार्शीला दादाच्या घरी पोहोचले, हातपाय धुतले आणि आतल्या खोलीत भाच्याला बघायला गेले. वहिनी मागून म्हणाल्या, "बघा, गाल कसे वर आलेत. मार्चमध्ये नुसती हाडं दिसत होती." भाचा कसनुसा हसला. तो गोल, तुकतुकीत चेहरा माझ्या ओळखीचा होता. बारा वर्षांपूर्वी आरशात मी तोच बघत होते. प्रेडनिसोलोनने गाल फुगतात, भूक खवळते, रात्रीची झोप उडते, आणि घरच्यांना वाटतं पोराने बाळसं धरलं.

भाचा तेवीस वर्षांचा आहे, पुण्याला वसतिगृहात राहतो. हिवाळ्यापासून त्याला संडासवाटे रक्त पडत होतं. मूळव्याध समजून त्याने दोन महिने मलमावर काढले. मीही पहिल्या वर्षी हेच केलं होतं. आपल्याकडे रक्त दिसलं की मूळव्याध, आणि मूळव्याध म्हटली की कुणाला सांगायचं नाही. शेवटी दुर्बिणीने तपासलं तेव्हा कळलं, अल्सरेटिव्ह कोलायटिस. ह्या आजारात मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येते, त्यावर व्रण पडतात. सूज गुदाशयापासून सुरू होते आणि सलग वर सरकते. भाच्याची डाव्या बाजूपर्यंत गेली आहे, माझी त्याहून थोडी पुढे. डॉक्टरांनी त्याला मेसालामाइनच्या गोळ्या दिल्या, रात्री झोपताना घ्यायचा मेसालामाइनचाच एनिमा दिला. महिनाभरात रक्त थांबेना म्हणून १ एप्रिलपासून रोज ४० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन सुरू केलं. दोन आठवडे तेवढंच, मग दर आठवड्याला पाच-पाचने उतरवत न्यायचं.

रात्री जेवणं झाल्यावर दादाने कपाटातून औषधांचा डबा काढला. दिवाळीत चिवडा भरतात तो स्टीलचा मोठा डबा. मेसालामाइनच्या स्ट्रिपा हिशेबापेक्षा बऱ्याच जास्त उरलेल्या. एनिमाच्या बाटल्यांचं खोकं, त्याचं सीलही फोडलेलं नव्हतं. आणि तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या प्रेडनिसोलोनच्या पाच नव्या कोऱ्या स्ट्रिपा.

"ह्या कशाला?" मी विचारलं.

"असू देत. पुन्हा त्रास झाला तर धावपळ नको. मेडिकलवाला ओळखीचा आहे, चिठ्ठी मागत नाही."

जी औषधं रोज संपत जायला हवीत ती डब्यात पडून होती आणि ज्यातून लवकर बाहेर पडायचं त्याचा साठा केला होता. दादा हायस्कुलात इतिहास शिकवून निवृत्त झाला आहे. त्याला वरवरचं उत्तर चालत नाही. गच्चीवर सतरंजी टाकली आणि आम्ही बसलो. भाचा कठड्याला टेकून मोबाइल बघत होता, निदान तसं दाखवत होता.

दादा : मला एक सांग. मेसालामाइनने ह्याला काय गुण आला? मार्च महिना मी रोज विचारत होतो, कमी आहे का? नाही. स्टेरॉइड सुरू झालं आणि पाचव्या दिवशी रक्त थांबलं. मग खरं औषध कुठलं? मी तर म्हणतो त्या मोठ्या गोळ्या बंद करू. गरज पडली तर आठ दिवस स्टेरॉइड घेईल, बरं वाटलं की सोडेल.

मी : रक्त स्टेरॉइडने थांबवलं, ते मी नाकारत नाही. माझं दोनदा थांबवलंय. १९५५ साली ऑक्सफर्डच्या ट्रुलव्ह आणि विट्स ह्या डॉक्टरांनी दोनशे दहा रुग्णांवरची चाचणी छापली. काहींना कॉर्टिसोन, काहींना खोट्या गोळ्या. त्याआधी जोराचा झटका आलेली माणसं दगावायची. कॉर्टिसोनने ती वाचू लागली. पण दादा, तू इतिहासाचा मास्तर. पुढची दहा वर्षंही बघ ना.

दादा : काय झालं दहा वर्षांत?

मी : १९६५ साली लंडनच्या एकाच गटातल्या डॉक्टरांनी दोन गोष्टी तपासल्या. आजार शांत झालेल्या काही रुग्णांना त्यांनी थोडं थोडं प्रेडनिसोन चालू ठेवलं. खोट्या गोळ्या घेणाऱ्यांइतकेच तेही उलटले, काही उपयोग झाला नाही. दुसऱ्या चाचणीत सल्फासालाझिन चालू ठेवलं. वर्षभरात त्यातले दहापैकी सातजण शांत राहिले. खोट्या गोळ्या घेणाऱ्यांत साधारण तेवढेच उलटले. सल्फासालाझिन म्हणजे आपल्या मेसालामाइनचं मूळ. तुला बरं वाटायला लावतं ते औषध आणि बरं ठेवतं ते औषध, ही दोन वेगळी आहेत. दुसऱ्याचं काम जाणवतच नाही. ते नीट चालू असलं की काहीच घडत नाही, म्हणून वाटतं की उगाच घेतोय.

दादा : सल्फासालाझिनचं मी वाचलंय. ते तर संधिवाताचं औषध! सांध्याचं औषध पोटाला? अंधारात मारलेला तीर नव्हे का हा?

मी : सुरुवात तशीच झाली. स्टॉकहोमच्या नाना स्वार्ट्झ ह्या डॉक्टरबाईंनी १९३०च्या दशकाअखेर संधिवातासाठीच ते जुळवून घेतलं. एक सल्फा औषध आणि एक सॅलिसिलेट, रासायनिक दुव्याने जोडलेली. कोलायटिस असलेल्या रुग्णांचं पोटही सुधारलं असं त्यांच्या लक्षात आलं. त्यातलं नेमकं काय काम करतं ते पुढची पस्तीस वर्षं कुणालाच ठाऊक नव्हतं. मग त्याच ट्रुलव्हच्या हाताखाली ऑक्सफर्डला बांगलादेशचे एक डॉक्टर आले, आझाद खान. त्यांनी फार साधी युक्ती केली. मोठ्या आतड्यातले जिवाणू तो दुवा तोडतात आणि दोन तुकडे वेगळे होतात, एवढं माहीत होतं. त्यांनी दोन्ही तुकड्यांचे वेगवेगळे एनिमा करून रुग्णांना दिले. सल्फाच्या तुकड्याने फारसं काही झालं नाही. सॅलिसिलेटच्या तुकड्याने आतडं सुधारलं. १९७७ साली ते लॅन्सेटमध्ये आलं. तो तुकडा म्हणजेच मेसालामाइन. तुझ्या डब्यातल्या त्या सीलबंद खोक्यात आहे ते.

दादा थोडा वेळ गप्प राहिला. बांगलादेशच्या डॉक्टरची गोष्ट त्याला आवडली असावी. पण त्याचा खरा मुद्दा दुसराच होता.

दादा : समजा तू म्हणतेस ते सगळं खरं. पण तेवीस वर्षांच्या पोराला आयुष्यभर गोळ्या? महिन्याला चार-साडेचार हजार. पुढे नोकरी, लग्न. डॉक्टरांनी चार मिनिटंसुद्धा दिली नाहीत. "लाइफलाँग घ्यायच्या," म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. माणूस म्हणून समजावून सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं. हे म्हणजे कायमचं गिऱ्हाईक करून ठेवल्यासारखं वाटतं. तू जपानच्या पंतप्रधानाचं बघ. शिंझो आबे. जगातले डॉक्टर दाराशी उभे. त्यालाही ह्याच रोगाने खुर्ची सोडायला लावली.

मी : दोनदा. २००७ मध्ये आणि २०२० मध्ये. मधलं का सोडतोस? पहिल्यांदा पायउतार झाल्यावर जपानमध्ये मेसालामाइनची नवी गोळी मिळू लागली. तिच्यामुळे आपण परत उभे राहिलो असं त्यांनी स्वतः सांगितलं होतं. २०१२ च्या डिसेंबरपासून जवळजवळ आठ वर्षं त्यांनी देश चालवला. मग आजार पुन्हा उसळला. औषधाने कायमचा सुटतो असं मी म्हणतच नाही. आठ वर्षं मात्र मिळतात.

चार मिनिटांचं म्हणतोस ते मला मान्य आहे. माझ्या बाबतीतही तेच झालं. तिसऱ्या वर्षी मी सात-आठ महिने अगदी ठणठणीत होते. रोज एकदा संडास, रक्ताचा थेंब नाही. कुणी सांगितलंच नव्हतं की हे असं राहण्यासाठीच गोळी आहे. मला वाटलं, बरी झाले. मार्गशीर्षातले गुरुवार धरले होते, उपासाचं निमित्त झालं आणि गोळ्या सोडल्या. फेब्रुवारीत दिवसाला बारा वेळा जात होते. नऊ दिवस रुग्णालयात, शिरेतून हायड्रोकॉर्टिसोन. बाजूच्या खाटेवरच्या मुलीची आई रात्रभर माझे पाय चेपत होती, ती माझी कुणीही नव्हती. शिकागोला २००३ मध्ये नव्याण्णव रुग्णांवर नजर ठेवली गेली, सगळे शांत असलेले. दोन वर्षांत नियमाने गोळ्या घेणाऱ्यांतले शंभरात एकोणनव्वद शांत राहिले. न घेणाऱ्यांत एकोणचाळीस. त्या दुसऱ्या गटात मी होते असं मी समजते.

दादा : आणि खर्च?

मी : तो प्रश्न डॉक्टरांसमोर मांड. लाजायचं काय त्यात? सल्फासालाझिन खूप स्वस्त पडतं. पण त्याला अटी आहेत. सल्फाची ॲलर्जी असली तर चालत नाही. बरोबर फोलिक ॲसिड घ्यावं लागतं. रक्ताची आणि यकृताची तपासणी करावी लागते. लघवी केशरी होते, त्याने घाबरायचं नाही. आणि पुरुषांमध्ये शुक्राणूंची संख्या घटते, औषध थांबवल्यावर परत येते. लग्नाचा विषय तूच काढलास म्हणून सांगते. निवड करायचीच तर हे कळून करावी.

इथे भाच्याने मोबाइल खाली ठेवला. ऐकत होता तर.

दादा : बरं, आता माझं ऐक. गोळीच्या खोक्यातला कागद मी भिंग घेऊन वाचला. त्यात स्पष्ट लिहिलंय, मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. आतडं वाचवायला जायचं आणि किडनी घालवायची?

मी : फाईल आण.

त्याने फाईल आणली. मोबाइलच्या उजेडात आम्ही दोघांनी पानं उलटली. क्रिएटिनिन मार्चमध्ये एकदा झालेलं होतं, औषध सुरू करण्याआधी. त्यानंतर काहीच नाही.

मी : इथे तू बरोबर आहेस आणि मी तुझ्या बाजूने. मेसालामाइनने मूत्रपिंडाला सूज येणं दुर्मीळ आहे, पण ते मुकाट्याने होतं. दुखत नाही, खुपत नाही. म्हणून आधी एकदा, सुरू केल्यावर दोन-तीन महिन्यांनी एकदा, आणि मग निदान दरवर्षी क्रिएटिनिन करायचं असतं. मे चालू आहे, म्हणजे दुसरी वेळ आलीच. आणखी एक सांगते, हेही त्या कागदात असेल. थोड्या लोकांना मेसालामाइनच सोसत नाही. पहिल्या काही आठवड्यांतच पोटात कळा, ताप, जुलाब उलट वाढतात. तसं झालं तर दामटून घेत राहायचं नाही, डॉक्टरांना लगेच कळवायचं.

दादा : मग तसंच झालं नसेल कशावरून? मार्चमध्ये गुण नाही आला तो त्यामुळेच?

मी भाच्याला विचारलं, गोळ्या नेमक्या कशा घेत होतास. तो आईकडे बघायला लागला. वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन नुकत्याच वर आल्या होत्या.

"मोठ्या आहेत हो गोळ्या," त्या म्हणाल्या. "घशात अडकतात म्हणतो. परीक्षेपर्यंत घरीच होता ना, मीच खलबत्त्यात बारीक करून केळ्यात घालून देत होते."

सगळं तिथेच होतं. मी दादाच्या डब्यातून एक गोळी काढून आणली, हातावर ठेवली. विटकरी रंगाची, गुळगुळीत.

मी : वहिनी, हा रंग नुसता दिसायला नाही. हा लेप आहे. जठरातल्या आम्लात तो विरघळत नाही. लहान आतड्याच्या अगदी शेवटी, जिथे आम्ल जवळजवळ उरत नाही, तिथे विरघळतो. मग औषध मोठ्या आतड्यात सुटतं आणि अस्तराला वरून लागतं, मलमासारखं. बारीक केली की औषध वरच्या वर रक्तात शोषलं जातं आणि लघवीतून निघून जातं. जिथे जखम आहे तिथे पोहोचतच नाही. पोहोचलं नाही म्हणून गुण आला नाही.

वहिनींचा चेहरा उतरला. तुमची चूक नाही, असं मी दोनदा म्हणाले आणि ते खरंच होतं. गिळा, चावू नका, कुटू नका, हे चार शब्द त्यांना कुणी सांगितले नव्हते. घशात अडकत असेल तर ह्याच औषधाची बारीक दाण्यांची पुडी मिळते, तीही न चावता घ्यायची. डॉक्टरांना मागायची एवढंच. पण दादाला आता वेगळीच शंका आली.

दादा : म्हणजे दोन महिने औषध चाललंच नाही. आणि स्टेरॉइड चाललं. त्याचे चेहऱ्यावरचे परिणाम मला पटत नाहीतच. मग ते उद्यापासून बंद.

मी : नाही! दादा, हे अजिबात नाही. गेले पाच-सहा आठवडे बाहेरून स्टेरॉइड मिळतंय, म्हणून त्याच्या मूत्रपिंडावरच्या ग्रंथी स्वतःचं कॉर्टिसोल बनवायचं विसरल्यात. एकदम थांबवलं तर अंगात त्राण राहणार नाही, रक्तदाब पडेल, ओकाऱ्या होतील, जीवही धोक्यात येऊ शकतो. म्हणून तर पाच-पाचने उतरवतात, त्या ग्रंथींना जागं व्हायला वेळ द्यायला. आज तो वीसवर आहे ना? पुढच्या आठवड्यात पंधरा, मग दहा, मग पाच. ते संपेपर्यंत कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व, आणि साखर एकदा तपासायची.

दादा : आणि ह्या पाच स्ट्रिपा?

मी : परत कर, नाहीतर टाकून दे. रक्त आलं म्हणजे प्रत्येक वेळी आजारच उलटला असं नसतं. आपल्याकडे पाण्यातून अमिबा जातो, दुसरे जंतूही जातात. अमिबाचा संसर्ग असताना तू घरच्या घरी स्टेरॉइड दिलंस तर आतड्याला भोक पडण्यापर्यंत गोष्ट जाऊ शकते. आधी शौचाची तपासणी, मग औषध. आणि बरं वाटतं म्हणून वर्षातून तीन-चारदा थोडं थोडं घेणाऱ्यांची हाडं ठिसूळ होतात, डोळ्यांत मोतीबिंदू येतो, साखर वाढते. वर्षात दुसऱ्यांदा स्टेरॉइड लागलं तर डॉक्टरांना विचारायचं, आता पुढचं औषध कोणतं?

दादा : पुढचं म्हणजे आणखी जहाल.

मी : हो, आणि मी ते घेऊन बसलेय. पाचव्या वर्षी मला अझाथायोप्रिन दिलं. पहिला महिना दर आठवड्याला रक्त तपासायला सांगितलं होतं. तिसऱ्या आठवड्यात लग्न होतं घरात, मी गेले नाही. चौथ्या आठवड्यात न्हाताना केसांचे पुंजके हातात आले. रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी १,८००. औषध बंद केलं, सुदैवाने ताप आला नाही, महिन्याभरात पेशी भरून आल्या. हे का होतं त्याचं एक मोठं कारण २०१४ मध्ये कोरियातल्या संशोधकांनी शोधलं. एनयूडीटी१५ नावाचं जनुक. त्यातला एक बदल युरोपात क्वचित दिसतो, आशियात आणि आपल्याकडेही बराच. ज्यांच्यात तो आहे त्यांना नेहमीची मात्रा सोसत नाही. आता ते औषध सुरू करण्याआधी ती रक्ततपासणी करता येते. आणि यूरिक ॲसिडवरचं ॲलोप्युरिनॉल कुणी बरोबर घेत असेल तर पेशी आणखी झपाट्याने खाली येतात, म्हणून सगळ्या गोळ्यांची यादी खिशात पाहिजे. जहाल औषध म्हणजे वाईट औषध असं मी अजूनही म्हणणार नाही. कित्येकांना त्यानेच वर्षानुवर्षं स्टेरॉइडपासून सोडवलंय. तपासणी चुकवली ती मी.

दादाने बराच वेळ काही विचारलं नाही. खाली रस्त्यावरून ऊस भरायची रिकामी ट्रॉली खडखडत गेली. मग त्याने मनात धरून ठेवलेली गोष्ट बाहेर काढली.

दादा : आपल्या शास्त्रात ह्याला काहीच नाही का? रक्तातिसार आहे, कुटज आहे. आजी कुड्याची साल उगाळून द्यायची. ताक आहे, बेलफळ आहे. चरकसंहितेत अतिसारावर पिच्छाबस्ती सांगितलीय. एका वैद्यांनी मला चूर्ण दिलंय, म्हणाले, इंग्रजी औषधं बंद करा, तरच गुण येईल.

मी : कुड्याला मी हसणार नाही. आजीच्या हातचं मीही प्यायलेय. हळदीचं तर सांगतेच. २०१५ मध्ये एक चाचणी झाली. मेसालामाइन पुरेसं पडत नव्हतं अशा रुग्णांना मेसालामाइनच्या जोडीला रोज तीन ग्रॅम कर्क्युमिन दिलं. महिन्यात निम्म्याहून जास्त शांत झाले. जोडीला, ऐवजी नाही. दिल्लीच्या एम्समध्ये रोज अर्ध्या ग्रॅमहून कमी देऊन पाहिलं, तेव्हा फरक दिसला नाही. आणि आपल्या हळदीत शंभर ग्रॅमला तीनेक ग्रॅमच कर्क्युमिन असतं. दुधात चमचाभर घालून ती मात्रा होत नाही. कर्क्युमिनच्या दाट कॅप्सूलांनी यकृताला इजा झाल्याचीही उदाहरणं आहेत, म्हणून त्याही सांगून घ्यायच्या.

चूर्णाच्या पुडीवर काय लिहिलंय?

दादा : काही नाही. पांढरी पुडी आहे.

मी : मग ती देऊ नको. पुडीत काय आहे हे जो वैद्य लिहून देत नाही तो कितीही मोठा असो. अशा निनावी पुड्यांत स्टेरॉइड सापडलंय, पारा-शिसं सापडलंय. लिहून देणारा, तपासणी बघणारा आणि चालू औषध सोडायला न लावणारा वैद्य असेल तर मी स्वतः बरोबर येईन.

आणि बस्तीचं म्हणालास ना? ते सीलबंद खोकं म्हणजे दुसरं काय आहे? साठ मिलिलिटरची बस्तीच ती. औषध खालून, थेट जखमेवर. डाव्या बाजूच्या आजारात गोळी आणि एनिमा दोन्ही मिळून जेवढं काम करतात तेवढं नुसती गोळी करत नाही. चरकाची बस्ती तुला पवित्र आणि ह्या बाटलीची लाज?

"लाज बाबांना नाही, मला वाटते," भाचा म्हणाला. संध्याकाळपासून तो पहिल्यांदाच बोलला. "खोलीत आम्ही चौघं आहोत, आत्या. बाथरूम बाहेर. कुठे घेऊ?"

ह्या प्रश्नाला माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. मी तीन वर्षं ह्याच कारणाने एनिमा टाळला होता, घरात स्वतःची खोली असूनही. मी त्याला फक्त कसं करते ते सांगितलं, कारण मलाही ते कुणी सांगितलं नव्हतं. रात्री सगळं आटोपल्यावर, संडासला जाऊन आल्यावर. बाटली आधी हातात धरून ऊबदार करायची आणि चांगली हलवायची, औषध तळाशी बसलेलं असतं. डाव्या कुशीवर झोपायचं, उजवा गुडघा पोटाशी. डाव्या कुशीवर अशासाठी की आतड्याचा तो भाग डावीकडेच उतरतो. नळीला थोडं व्हॅसलीन, सावकाश आत, हळूहळू दाबायचं. मग अर्धा तास तसंच पडून राहायचं आणि जमेल तर रात्रभर धरून ठेवायचं. पहिले चार-पाच दिवस धरवत नाही, मग आतडं शांत होत जातं तसं धरवतं. खाली जुना टॉवेल, डाग जात नाहीत. सगळं मिळून पाच मिनिटांचं काम आणि मग नुसतं झोपणं. खोलीतल्या निदान एकाला विश्वासात घे, दिवे मालवल्यावर पांघरुणात होतं. तो काही बोलला नाही, पण मान हलवली. मी आज ह्याच दोन गोष्टींवर आहे, रोजची गोळी आणि आठवड्यातून तीनदा एनिमा. सात वर्षं झाली.

"त्या चौघांमधल्या एकाला," तो थांबून म्हणाला, "मागच्या वर्षी टीबीची औषधं चालू होती. ते चालतं ना?"

दादा सरळ होऊन बसला. मी पण. हे डॉक्टरांना सांगितलंस का? नाही, कुणी विचारलंच नव्हतं. स्टेरॉइड शरीरातला झोपलेला क्षय जागा करू शकतं. पुढे कधी इन्फ्लिक्सिमॅब किंवा अडालिमुमॅबसारखं इंजेक्शन, किंवा टोफासिटिनिबची गोळी लागली तर धोका आणखी वाढतो. म्हणून त्या औषधांआधी छातीचा एक्स-रे आणि क्षयाची चाचणी करतात, आणि लसी राहिल्या असतील तर त्या आधी देतात. आपल्या देशात तर ही बाब पहिल्या भेटीतच सांगायला हवी. मी फाईलच्या मागे मोठ्या अक्षरात लिहिलं. खाली आणखी एक ओळ लिहावी लागली, कारण बोलता बोलता कळलं की दाढ दुखली म्हणून त्याने दादाच्या गुडघेदुखीच्या गोळ्या तीन दिवस घेतल्या होत्या. ॲसेक्लोफेनॅक, डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, ह्या जातीच्या गोळ्यांनी शांत असलेलं आतडं भडकू शकतं. दुखलं तर पॅरासिटामॉल, आणि तेही डॉक्टरांना विचारून.

दादा : एक शेवटचं. हा पुण्याला, मी इथे. रात्री-बेरात्री त्रास झाला तर मला कळणार कसं की आता घरी थांबायचं नाही?

मी : दिवसात सहा किंवा जास्त वेळा रक्ताचे जुलाब, आणि त्यातच ताप किंवा नाडी नव्वदच्या वर. ह्या खुणाही त्याच ट्रुलव्ह-विट्सने १९५५ मध्ये लावून दिल्या, अजून त्याच बघतात. पोट फुगून टम्म झालं तर तासही घालवायचा नाही. आणि जुलाब थांबवायची लोपेरामाइड तशा वेळी घ्यायची नाही, सुजलेलं आतडं फुगत जातं. सरळ रुग्णालय.

दादा खाली गेला आणि स्वयंपाकघरातलं कालनिर्णय काढून घेऊन आला. त्याचं अक्षर अजूनही फळ्यावरच्यासारखं आहे, मोठं आणि टोकदार. त्याने येत्या आठवड्याच्या चौकटीत १५ लिहिलं, पुढच्यात १०, त्याच्या पुढच्यात ५. सोमवारच्या चौकटीत, एकादशीच्या बाजूला जागा करून, 'क्रिएटिनिन, साखर, उपाशीपोटी' लिहिलं. मग पेन थांबवून विचारलं, डॉक्टरांना प्रश्न विचारायचे तर किती नेता येतील? मी म्हटलं, पाच ने, लिहून ने, पहिल्या मिनिटाला कागद पुढे कर. त्याने पाठकोऱ्या कागदावर एक ते पाच आकडे घातले. पहिल्या क्रमांकापुढे टीबी. दुसऱ्यापुढे दाण्यांची पुडी. तिसऱ्यापुढे खर्च.

"हळदीचं दूध मात्र मी देणार," चौथा आकडा तसाच सोडून तो म्हणाला.

"दे. गोळीबरोबर दे."

भाचा उठला आणि खाली गेला. थोड्या वेळाने कपाट उघडल्याचा आवाज आला आणि खोक्याचं सील फाडल्याचा.